आत्यांनी बसवून घेतलेली कडी

“पहले कुत्ते को हटाओ, फिर अंदर आएँगे!” दारातला स्ट्रेचरवाला ओरडत होता. त्याच्या मागे दुसरा, त्याच्या मागे जिन्यात वरच्या मजल्यावरच्या सुनीता आंटी, त्यांच्या मागे अजून कोण कोण, मला नुसती डोकी दिसत होती, आणि कोणी म्हणजे कोणी उंबरा ओलांडत नव्हतं. आत्या किचनच्या दारात आडव्या पडलेल्या. तोंड एका बाजूला गेलेलं, एका पायातली चप्पल निघून लांब गेलेली. आणि त्यांच्या पोटापाशी चारी पाय रोवून आमचा तांब्या उभा. मी त्याला म्हणतेय, चल रे, चल बाळा, बाजूला हो, त्यांना नेऊ दे... आणि तो हलतच नाही. घशातून असा आवाज काढत होता जो मी त्याच्या तोंडून कधी ऐकलाच नव्हता. माझ्या कडेवर ओवी, माझी पोरगी, गप्प, माझ्या गाऊनचा गळा मुठीत धरून बसलेली. “मॅडम, जल्दी करो, पेशंट का टाइम जा रहा है!” टाइम जातोय हे मला दिसत होतं हो. पण करू काय?

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या विट्याच्या बाजूला सासूला आत्याच म्हणतात. त्यांना जाऊन आता महिना होत आला. लोक येऊन गेले, जेवणं झाली, फोटोला हार घालून झाला, तरी माझ्या डोळ्यांपुढून ते किचनचं दार हलत नाही. म्हणून म्हटलं, लिहून काढावं. मी नववीपर्यंत शिकलेली, पुढं-मागं झालं तर समजून घ्या.

आमचं गलाईचं काम. म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं. आमच्याकडच्या गावागावांतली माणसं या कामासाठी कुठं कुठं जाऊन राहिलीत, तसे माझे सासरे फरीदाबादला आले, मार्केटमध्ये सराफांच्या गल्लीत छोटं दुकान टाकलं, आणि लग्न करून आत्यांना घेऊन आले. सासरे मी बघितले नाहीत, मी यायच्या आधीच गेले. आता दुकान आमचे हे बघतात. आत्यांची उभी हयात फरीदाबादमध्ये गेली, पण हिंदी शेवटपर्यंत आली नाही. भाजीवाल्याला म्हणायच्या, “भैया, कोथिंबीर जरा ताजी बघके देव.” आणि तो द्यायचा पण! उलट आम्ही गेलो की मलाच विचारायचा, “माताजी नहीं आईं आज?”

तांब्या आमच्याकडे आला तेव्हा मी गरोदर होते. दुकानाच्या मागच्या बाजूला एका माणसाचं गोदाम होतं, त्यानं राखणीला हा कुत्रा बांधून ठेवलेला. मग गोदाम बंद झालं, माणूस कुठं निघून गेला, कुत्रा तिथंच साखळीला. ह्यांना रोज भिंतीपलीकडून आवाज यायचा, एक दिवस आलाच नाही, म्हणून हे भिंतीवर चढून बघायला गेले. नुसता हाडांचा सापळा, म्हणाले. कान फाटलेले, कपाळावर, पुढच्या पायांवर जुन्या जखमांचे व्रण, कुणीतरी त्याला दुसऱ्या कुत्र्यांशी लढवलं असणार. गुडगावची एक मुलगी असे कुत्रे सोडवायचं काम करते, तिला बोलावलं, तिनं साखळी तोडली, डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाला, पिटबुल नाही हा, स्टॅफर्डशर बुल टेरियर आहे, स्टॅफी म्हणतात, माणसांच्या मायेचा लई भुकेला असतो, पण दुसऱ्या कुत्र्यांपासून सांभाळा. त्या मुलीकडं जागा नव्हती. हे म्हणाले, दोन दिवस ठेवतो.

दोन दिवस! आत्यांनी दार उघडलं, कुत्रा बघितला आणि दार लावून घेतलं. आतून ओरडल्या, “संतोष, एक तर ते जनावर घरात येईल, नाहीतर मी राहीन!” लहानपणी त्यांना पिसाळलेलं कुत्रं चावलेलं, पोटात इंजेक्शनं घेतलेली, तेव्हापासून कुत्र्याचं पिल्लू दिसलं तरी त्या रस्ता बदलायच्या. आणि हे तर रुंद छातीचं, नुसतं डोकं बघितलं तरी धडकी भरेल असं जनावर. तो बिचारा जिन्यात बसून राहिला, ह्यांच्या पायाला टेकून, थरथरत. शेवटी आत्यांनीच दाराच्या फटीतून विचारलं, “त्याला खायला काय दिलं का रे?” आणि फटीतूनच भाकरी सरकवली. त्याच्या अंगाचा रंग तांब्यासारखा लालसर, छातीवर पांढरा ठिपका. नाव कुणी ठेवलं तर त्यांनीच. गलाईवाल्याच्या बायकोला दुसरं काय सुचणार?

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी विट्याला गेले. तिकडं आई मला रोज सांगायची, बाळ घेऊन जाशील तेव्हा ते कुत्रं घरात नको, बघ. मला पण तेच वाटायचं. मोबाईलवर कुणी ना कुणी व्हिडिओ पाठवायचंच, पिटबुलनं मुलाला फाडलं, अमुक ठिकाणी असं झालं... रात्री पोरीला कुशीत घेऊन मी नुसती रडायचे. ह्यांना फोनवर म्हटलं, मी येते, पण त्याला आधी पाठवा कुठंतरी. मग पलीकडून आत्यांनी फोन घेतला आणि म्हणाल्या, “तू ये तर. मी बघते.”

मी आले तर काय बघते! ह्या बाईनं, जी कुत्रं बघून रस्ता बदलायची, तिनं त्याला मराठी शिकवलेलं. दिवसभर घरात दोघंच, बोलणार कुणाशी? त्याला आधी हिंदी यायची, बैठ, छोड, असं. आता त्या म्हणायच्या, “तांब्या, खाली बस. पाय पूस. तिकडं बघू नको, आमटी तिखट आहे.” आणि तो खाली बसायचा, पायपुसण्यावर पाय घासायचा, आमटीकडं मात्र बघायचाच. ह्यांनी मला हसत सांगितलं, “फरीदाबादमध्ये मराठी बोलणारं एक माणूस वाढलं.” आत्या लगेच, “तुझ्यापेक्षा बरं ऐकतो तो.”

पण ऐका, आत्या भोळ्या नव्हत्या. मी यायच्या आधी त्यांनी सुताराला बोलावून बेडरूमच्या दाराला बाहेरून एक कडी बसवून घेतली होती. नेहमीसारखी वर नाही, कंबरेएवढ्या उंचीवर, हातात दुधाची वाटी असली तरी कोपरानं सरकवता येईल अशी. मी घरात पाय टाकला, ओवीला त्यांनी ओवाळलं, आणि मला हाताला धरून त्या दारापाशी नेलं.

“हे बघ रूपाली. पोरगी आणि तांब्या एका खोलीत एकटे राहणार नाहीत. कधीच नाही. तू मुतायला गेलीस तरी नाही. पोरीला आत ठेवून बाहेर आलीस की कडी लावायची आणि ओरडायचं, कडी! मी घरात कुठं पण असेन, येऊन डोळ्यानं बघणार आणि म्हणणार, लागली! तोपर्यंत तू तिथून हलायचं नाहीस.”

हे दुकानातलं होतं. भट्टीतून मूस, म्हणजे ते वितळलेल्या सोन्याचं भांडं, सांडशीनं बाहेर काढताना आमच्या दुकानात काढणारा ओरडतो, “निघाली!” आणि बाकीच्यांनी मान वर करून बघून म्हणायचं, “दिसली!” मगच तो पाऊल टाकतो. सासऱ्यांनी लावलेली सवय. एकदा कुणीतरी न बघताच ‘दिसली’ म्हटलं होतं, त्याचाच पाय जळाला, तेव्हापासून.

मी आत्यांना विचारलं, “पण तुमचा एवढा विश्वास आहे त्याच्यावर, मग कडी कशाला?”

“भट्टीवर माझा राग आहे का?” त्या म्हणाल्या. “भट्टीनं आपल्याला जगवलं. म्हणून कुणी तिच्या तोंडात हात घालतं का? त्याचं मागं काय काय झालंय हे तुला माहीत नाही, मला माहीत नाही. पोरीनं कान ओढला आणि त्याला ते जुनं आठवलं तर? त्याला पण दोष लागायला नको.”

त्याला पण दोष लागायला नको... हे वाक्य मला तेव्हा समजलं नाही. आता रोज आठवतं.

तर असं आमचं घर चाललं. दिवसातून किती वेळा कडी-लागली, कडी-लागली, वरच्या सुनीता आंटी विचारायच्या, “तुम लोग सारा दिन कढ़ी बनाते हो क्या?” तांब्याला पण पाठ झालं होतं. मी कडी म्हटलं की तो आधी आत्यांकडं बघायचा, त्या लागली म्हणाल्या की मग हुश्श करून फरशीवर आडवा. उन्हाळ्यात कूलरसमोरची जागा त्याची, तिथं पाय वर करून झोपायचा आणि असा घोरायचा की टीव्हीचा आवाज वाढवावा लागायचा. आत्या म्हणायच्या, “अगदी तुझ्या सासऱ्यांसारखा.” घरात घाण हवा पण तोच सोडायचा, आणि आम्ही ओरडलो की स्वतःच मागं वळून बघायचा, कोण हे, म्हणून! ओवी रडली की मात्र झोपेतून उठून बेडरूमच्या बंद दारापाशी जाऊन बसायचा, नाक खालच्या फटीत. आम्हाला दुसरं काही ऐकू यायच्या आधी त्याला ऐकू यायचं. आत्या त्याला म्हणायच्या, “थांब, थांब, येतीय तिची आई, तू काय दूध पाजणार आहेस का?”

ओवीला त्याच्यापाशी न्यायचं ते मांडीवर घेऊनच, आणि दुसऱ्यानं त्याचा पट्टा धरून. तेवढ्यात तो एवढा खूश व्हायचा, सगळं अंग हलायचं, तोंड या कानापासून त्या कानापर्यंत फाकायचं. गल्लीतल्या लोकांना तेच तोंड बघून भीती वाटायची, मला पण आधी वाटायची, आत्यांना ते हसणं वाटायचं. त्याला बाहेर न्यायचं तर तोंडाला जाळी बांधून, ती पण आत्या स्वतः बांधायच्या, श्वास घेता येतो का दोन बोटं घालून बघायच्या. आणि पार्क रिकामं असेल तेव्हाच. तरी एकदा एक रिटायर्ड अंकल काठी घेऊन आडवे आले. म्हणाले, “माताजी, ये आदमखोर जानवर है, इसको घर में मत रखो.” आत्यांनी पदर खोचला. “आदमखोर नै है. भाकरीखोर है. आदमी आपने सामने खडा है, उसको सूंघता भी नै, देखो.” अंकलना हसू आलं, पण काठी खाली केली नाही. घरी येऊन आत्या मला म्हणाल्या, “त्यांचं पण चूक नाही गं. मी पण दार लावूनच घेतलं होतं की.”

त्या दिवशी दुपारी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. ओवी बेडरूममध्ये झोपलेली, कडी लावलेली, आत्यांनी बघून लागली म्हटलेलं, सगळं रोजच्यासारखं. आत्या किचनमध्ये ओवीसाठी नाचणी शिजवत होत्या. आणि तांब्या भुंकला. तो भुंकतच नाही, तुम्हाला सांगते, घोरतो, कण्हतो, पण भुंकत नाही. मी चादर तिथंच टाकली आणि पळत खाली आले.

आत्या पडलेल्या, नाचणी करपलेली, धूर. मी गॅस बंद केला, पाणी शिंपडलं, हाक मारली, डोळे उघडे पण बोलणं नाही, नुसतं घशात घर्र घर्र. मला त्यानं जवळ येऊ दिलं, तो नुसता त्यांचा हात चाटत होता. मी किंचाळले, त्यावर सुनीता आंटी आल्या, त्यांनी फोन करून अॅम्ब्युलन्स बोलावली, मी ह्यांना फोन केला, हे मार्केटमधून निघाले, पण तुम्हाला माहीतच आहे तिथला ट्रॅफिक. आरडाओरड्यानं ओवी उठून रडायला लागली, तांब्याचे कान टवकारले, पण मी तिला लगेच उचलून आणलं. आणि सुनीता आंटींनी, ज्यांच्यापुढं तांब्या रोज शेपूट हलवायचा, त्यांनी दारात एक पाय टाकला तर त्यानं दात विचकले. अॅम्ब्युलन्सवाले आले, तर उठून उभाच राहिला त्यांच्यापुढं.

मी ओवीला भिंतीपाशी बसवलं आणि त्याचा पट्टा ओढला. दगड ओढल्यासारखं. अजून ओढला तर तो माझ्यावर गुरगुरला. माझ्यावर... मी हात सोडला. मग भाकरी दाखवली, बघितली पण नाही. तांब्या खाली बस, म्हटलं. तो आत्यांच्या तोंडाकडं बघायला लागला, जसं काही त्या सांगतील तेव्हाच बसेन. जिन्यातून कुणीतरी म्हणालं, “अरे डंडा लाओ, ऐसे नहीं मानेगा.” आणि मला एकदम दिसलं, कुणीतरी काठी मारणार, तो चावणार, मग आत्या पण गेल्या आणि हा पण गेला.

आणि मग माझ्या डोक्यात आलं की हा एकाच गोष्टीला उठतो. ओवी रडली की.

मी ओवीला बेडरूममध्ये नेऊन गादीवर ठेवलं आणि मागं सरकले. एकटं टाकलं की ती रडतेच. ती रडली आणि तांब्यानं मान वर केली. आत्यांकडं बघितलं, दाराकडं बघितलं, पुन्हा आत्यांकडं... आणि आला पळत. मी झटकन ओवीला उचललं, म्हटलं बाहेर पडून दार लावावं. पण उचलल्याबरोबर ती गप्प झाली आणि तांब्या माझ्या पायांमधून निसटून पुन्हा आत्यांपाशी. अॅम्ब्युलन्सवाला आत आला होता, तो उडी मारून जिन्यात. शिव्या दिल्या मला त्यानं. मला तर काही ऐकूच येत नव्हतं, नुसती आत्यांच्या घशातली घरघर ऐकू येत होती.

दुसऱ्यांदा मी ओवीला गादीवर ठेवलं. ती रडली. तांब्या आला, आत गेला, तिच्याजवळ गेला. आणि मी तिला उचललं नाही. मी दार ओढलं आणि कोपरानं कडी सरकवली.

आणि माझ्या तोंडातून सवयीनं, खरंच सवयीनं, मोठ्यांदा निघालं, “कडी!”

सुनीता आंटी ओरडल्या, “पागल हो गई है? बच्ची अंदर है!” अॅम्ब्युलन्सवाले तोवर आत्यांपाशी वाकले होते. मी आत्यांकडं बघितलं. त्यांचे डोळे त्या दाराकडं होते. ओठ हलले, मला वाटतं हलले... लागली म्हणाल्या का? का पोरगी कुठाय म्हणाल्या? का काहीच नाही, नुसता तो घरघर श्वास? मला कळलं नाही. आजपर्यंत कळलं नाही. त्यांना उचललं, जिन्यातून खाली नेलं, आणि मी तशीच वळून कडी काढली. दोनदा सरकता सरकेना, मग निघाली.

आत ओवी गादीवरून रांगत दारापाशी येऊन उचक्या देत बसली होती, अंगावर ओरखडा सुद्धा नाही. तिच्या एका मुठीत त्याची शेपटी. तांब्या तिच्याकडं पाठ करून दारात, नाक फटीत, तिकडच्या बाजूला कान. मी दार उघडल्याबरोबर तो किचनकडं पळाला. तिथं आत्या नव्हत्या. त्यांची ती एक चप्पल होती. त्यानं फरशी हुंगली, मग त्या चपलेवर हनुवटी ठेवून खाली बसला. सुनीता आंटींनी ओवीला घ्यायला हात पुढं केले, आणि मी दिली, आणि अॅम्ब्युलन्समागं धावले.

डोक्यात रक्त साचलं होतं. डॉक्टर म्हणाले आणायला उशीर झाला नाही, पण आघातच मोठा होता. आत्या थोडे दिवस मशीनवर होत्या, मग गेल्या. बोलल्या नाहीत. मी त्यांच्या हाताला हात लावून रोज विचारायचे, आत्या, तुम्ही काय म्हणालात तेव्हा? वेडीच मी.

विट्याहून सगळे आले. माझ्या नणंदेला, मंगलवन्संना, सुनीता आंटींनी सगळं सांगितलं. वाईट मनानं नाही सांगितलं, रडतच सांगितलं. मंगलवन्सं माझ्यापुढं येऊन बसल्या. “पोरीला कुत्र्याबरोबर कोंडलीस?”

“आत्यांना न्यायचं होतं, वन्सं.”

“आई माझी होती. मला तू सांगू नको. पण तू आई आहेस का कोण आहेस? त्यानं तिला काही केलं असतं तर?”

वन्संचं बरोबरच होतं. मलाच रोज दिसायचं, जे झालं नाही ते. कडी काढतीय, काढतीय आणि निघत नाही, आणि आत... मी झोपेतून उठून ओवीच्या पोटावर हात ठेवून बघायचे. मंगलवन्संनी जायच्या आधी ह्यांना सांगितलं, ते कुत्रं घरातून गेलं पाहिजे, नाहीतर आईच्या वर्षश्राद्धाला मी यायची नाही. हे माझ्याशी बोलत नव्हते. रागावले होते की घाबरले होते, कळायचं नाही. ओवीला माझ्याकडून घेताना नुसतं तिच्या हातापायांकडं बघायचे. मग एक दिवस म्हणाले, “गुडगावच्या त्या मुलीशी बोललोय. फार्महाऊसवाला एक माणूस आहे, रविवारी येऊन घेऊन जाईल.” मी हं म्हटलं. तांब्या हॉलमधल्या आत्यांच्या पलंगाखाली होता, ती चप्पल घेऊन. खात नव्हता नीट. मी म्हटलं, बरं होईल त्याचं पण.

शनिवारी संध्याकाळी दूध उतू जात होतं, ओवीला गादीवर ठेवलं, बाहेर आले, कडी सरकवली. आणि पुन्हा तोंडातून निघालं. “कडी!”

निघालं आणि मी तिथंच उभी राहिले. कारण आमचा नियमच तसा, उत्तर आल्याशिवाय हलायचं नाही. दूध फसफसून गॅसवर सांडत होतं. तांब्या पलंगाखालून बाहेर आला, मान वर करून आत्यांच्या रिकाम्या पलंगाकडं बघायला लागला. तो पण थांबलेला. आम्ही दोघं थांबलेलो...

हे हॉलमध्ये टीव्ही लावून बसले होते. त्यांनी टीव्ही बंद केला. उठून आले. मला वाटलं ओरडणार आता. ते माझ्या शेजारी आले, वाकले, कडीला बोट लावून बघितलं, नीट बघितलं, जसं दुकानात मूस निघताना बघतात. आणि हळू आवाजात म्हणाले,

“लागली.”

तांब्यानं हुश्श केलं आणि फरशीवर आडवा झाला.

रविवारी कोणी आलं नाही. मी विचारलं नाही, ह्यांनी सांगितलं नाही. मंगलवन्सं अजून माझा फोन घेत नाहीत. नियम तोच आहे, पोरगी आणि तांब्या एका खोलीत एकटे नाहीत, आता हे दुकानात असतात तेव्हा मीच कडी म्हणते, मीच परत येऊन डोळ्यानं बघते आणि मीच लागली म्हणते. तांब्या माझ्या तोंडाकडं बघतो आणि मग पलंगाकडं.

जी कडी आत्यांनी पोरीला त्याच्यापासून लांब ठेवायला बसवली, तीच मी दोघांना आत ठेवून लावली, त्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्यासाठीच. त्यांना ते पटलं का नाही, हे सांगायला त्या नाहीत. म्हणून तुम्हाला विचारते. दारात माणसं उभी आहेत, आत येत नाहीत, कुत्रा हलत नाही, तुमची सासू फरशीवर आहे, तुमची पोरगी तुमच्या कडेवर आहे आणि कडी तुमच्या हाताशी आहे... तुम्ही काय केलं असतं?